पेन्सिलीतला एक तास

प्रिय क्लाइव्ह,

तुझं कार्ड मंगळवारी सामानाच्या बोटीतून आलं. चार ओळी. व्हॅन विकायला काढली आहे, चालू होत नाही हे सांगूनही एक नवरा-बायको दोन आठवड्यांनी शनिवारी बघायला येतायत, पुढच्या मार्चची काळजी तू करू नकोस, तुझ्यावर आता काही बंधन नाही. शेवटी, थंडी सांभाळ. मी ते कार्ड गमबुटात उभा राहून वाचलं आणि त्याच संध्याकाळी तुला फोन केला. तू म्हणालास, केटरिंगला पाऊस आहे. मग म्हणालास, बॉयलर ठीक आहे. मग गप्प. पूर्वीही तू दोनच वाक्यं बोलायचास, पण तिसरं ठरलेलं असायचं : "थांब हं, आईला देतो." आता फोन द्यायला कुणी नाही, तर तू तो तापलेल्या तव्यासारखा धरून उभा राहतोस. मी म्हटलं, त्या शनिवारी कुणाला व्हॅन दाखवू नकोस, माझं पत्र येतंय. तू म्हणालास, "बघू." तुझं 'बघू' मी पंधरा वर्षं ऐकतोय, त्याचा अर्थ मला शिकवू नकोस. म्हणून हे पत्र. शाळेत असताना मी एका पानाच्या वर कधी लिहिलं नाही आणि सोळाव्या वर्षी शाळाच सोडली, तेव्हा चुका असतील. त्या सोडून बाकीचं वाच.

आधी इथलं सांगतो. नॉर्वेच्या या टोकाला दुपारी अडीचला दिवे लावावे लागतात. मी अजून त्याच सालमन माशांच्या जाळ्यांवर आहे. दहा महिने झाले, एवढा मी कुठेच टिकलो नव्हतो. मुकादम ओड्वार मला आता खाद्याच्या पोत्यांवर ठेवत नाही, बोटींच्या इंजिनांवर ठेवतो. इथे दर आठवड्याला कुठलं ना कुठलं इंजिन खारं पाणी पितं. ते उघडायचं, गोड्या पाण्याने धुवायचं, वायरी बदलायच्या, घासायचं, जोडायचं. पहिल्यांदा मला तीन दिवस लागले, तेव्हा ओड्वार म्हणाला, "तुझ्या आजीने याहून लवकर केलं असतं." आता एका दिवसात होतं. हे का सांगतोय ते पुढे कळेल.

मार्चमधल्या त्या तीन दिवसांबद्दल आपण एक अक्षर बोललो नाही. तू व्हॅन घरामागे नेलीस, वर ताडपत्री टाकलीस आणि विषय संपवलास. मी बोलणार आहे. तू फोन करून विचारलं होतंस, "दरवर्षीसारखं जायचं का? तुला वेळ नसेल तर राहू दे." त्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये आई लीड्सच्या त्या टाइल्सवाल्याकडे राहायला गेली होती. मला वाटलं होतं, आता ही सहल संपली. मी दोन विमानं बदलून आलो. व्हॅनमध्ये चढलो तर डावीकडची सीट पुढे ओढलेली, आईच्या आखूड पायांच्या मापाची. नॉरफोकपर्यंत मी गुडघे हनुवटीला लावून बसलो. मागे सरकवायचा खटका माझ्या हाताशीच होता. मी ओढला नाही, आणि तूही ओढ म्हणाला नाहीस. फक्त पीटरबरोच्या पुढे एकदा म्हणालास, "पाय आखडले असतील ना, पोरा?" मी म्हटलं, छे.

शुक्रवारी वाळूत सील पसरले होते आणि वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. शनिवारी आपण व्हॅनमध्ये बसून चिप्स खाल्ल्या, व्हिनेगरच्या वाफेने काचा धुरकटल्या. तू कोडं सोडवत होतास आणि मला एकही शब्द विचारत नव्हतास, कारण ते तू तिला विचारायचास. झोपताना मी वरच्या बाकावर चढलो, नऊ वर्षांचा असल्यापासून माझा तो, आणि नेहमीसारखं डोकं छताला आपटलं. खालून तू हसलास. तिथेच मला बरं वाटलं. मग तू व्हॅनमधलं घड्याळ एक तास पुढे केलंस, मोठ्याने मला सांगून, "हे एक बरं झालं, आठवण राहिली." मार्चचा शेवटचा रविवार उजाडणार होता, त्या दिवसापासून ऑक्टोबरपर्यंत सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढे, उन्हाळ्याच्या वेळेवर.

रविवारचा नाश्ता खाडीच्या धक्क्यावर, पाण्याला लागून, हा आपला नेम. धक्क्यावर मोठी भरती चढते हे कुणाला माहीत नाही? पाटीही आहे. पण दरवर्षी काय व्हायचं? आई मांडीवर ती भरतीच्या वेळांची पुस्तिका घेऊन बसायची, अर्ध्या बेकनवर उठायची आणि म्हणायची, "क्लाइव्ह, किटली उतरव, हलायचं." आपण चढावर जायचो आणि दहा मिनिटांत आपल्या जागेवर पाणी यायचं. तू सगळ्या गल्लीला सांगत फिरायचास, "आमच्या जॅनला पाण्याचा वास येतो."

या वेळी पुस्तिका तू बघितलीस. सहा पन्नासला भरती. घड्याळात सात वाजून पाच मिनिटं झाली होती आणि पाणी धक्क्याच्या कडेला येऊन थांबल्यासारखं दिसत होतं. तू म्हणालास, "उलटलं. आता उतरणार. अंडी फोड." मी चार अंडी फोडली. पाणी पुढच्या चाकाला लागलं. तू म्हणालास, "शेवटची लाट आहे." आपण दोघांनी खिडकीतून बघितलं, मग पुस्तिकेकडे, मग पुन्हा बाहेर, आणि खाणं चालू ठेवलं, कारण पुस्तिका पंधरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती. पायरीवरून पाणी आत आलं तेव्हा तू किल्ली फिरवलीस. इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. भिंतीवर तोवर माणसं जमली होती. एकाने ओरडून विचारलं, "नांगर टाकलाय का?" आणि ती करड्या कुत्र्यावाली म्हातारी, गमबूट घालून गुडघाभर पाण्यात आली, खिडकीवर टकटक करून म्हणाली, "घड्याळ बदललंत ना काल? मग पुस्तक कुणी बदलायचं? ते वर्षभर हिवाळ्याच्या वेळेवर छापतात. एक तास मिळवायचा असतो, बाळांनो. अजून अर्धा तास चढणार आहे." तू तिला थँक्यू म्हणालास, जसं काही तिने रस्ता सांगितला होता.

आपण पाय वर घेऊन बाकावर बसलो आणि उरलेलं बेकन खाल्लं. तू हसायला लागलास. इतका की चष्मा काढावा लागला. मीही हसलो. मग आतल्या वस्तू भिजू नयेत म्हणून मी खालचा खण उपसला, आणि त्यात मागच्या वर्षांच्या पुस्तिका निघाल्या. मार्चच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत प्रत्येक पानावर, प्रत्येक छापील आकड्याशेजारी, पेन्सिलीने तिचा बारीक आकडा. एक तास मिळवून. पंधरा वर्षं. तू त्या चाळल्यास, एक-दोन नाही, सगळ्या. चष्मा परत घातला नाहीस. ओढून नेणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "समुद्राने पार्किंगची पावती फाडली वाटतं," तरी तू हसला नाहीस. केटरिंगपर्यंत त्याच्याशेजारी त्या पुस्तिका मांडीवर धरून बसलास.

आईचा दर रविवारी फोन येतो, हे तुला माहीत आहे आणि तू विचारत नाहीस. मी तिला मागे विचारलं, हे तू त्याला कधी सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "मला वाटलं त्याला माहीत आहे. त्याच्या डोळ्यांसमोरच तर करत होते." मी तिच्यावर चिडलो नाही आणि तुझ्यावरही नाही. पण तुझ्या कार्डातलं ते वाक्य, बंधन नाही, ते मात्र मला झोंबलं. तुझा हिशेब मला कळतो. ती होती म्हणून मी होतो, ती गेली, तर मीही सुटलो. ज्या दिवशी तू आईबरोबर राहायला आलास आणि तुझी बॉयलर दुरुस्तीची हत्यारं आमच्या घरात आली, त्या दिवशी तू मला एक पाना दिलास आणि म्हणालास, "हे धर, आणि पडू देऊ नकोस." मला शाळा आली नाही, पाना धरता आला. आजवर मी अकरा नोकऱ्या सोडल्या, त्या प्रत्येक वेळी तू एवढंच विचारलंस, "जेवलास का?" ती तुला सोडून गेली, क्लाइव्ह. मी नाही गेलो. मी कामाला आलोय, ते वेगळं.

आता हे पत्र कशासाठी ते. सोबत पाकिटात पुढच्या वर्षीची पुस्तिका आहे, धक्क्याजवळच्या त्याच गळ-दोऱ्यांच्या दुकानातून टपालाने मागवलेली. उघडून बघ. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत, रोजच्या दोन्ही भरत्यांशेजारी पेन्सिल आहे. माझी. तुझं कार्ड येण्याआधीच पुरी केली होती, अकरा दिवस लागले. रात्री अकरा चाळीसला तास मिळवला की आकडा दुसऱ्या दिवसात जातो, हे मला अर्धा मे झाल्यावर कळलं, म्हणून मेच्या पानावर खोडरबराने कागद विरलाय. ओड्वारने तपासली, मग मी पुन्हा तपासली. चूक नाही. फेब्रुवारीत मी तीन आठवडे येतोय, इंजिन उघडायला. विचारत नाहीये, तिकीट काढलंय. त्या नवरा-बायकोला चहा दे आणि परत पाठव. पुस्तिका व्हॅनच्या पुढच्या काचेखाली, नेहमीच्या जागी ठेव. व्हॅनमधलं बाकी काय हवं ते आवर, धू, फेक. फक्त त्या डावीकडच्या सीटला हात लावू नकोस. ती मी आल्यावर मीच मागे सरकवणार आहे.

तुझाच,
कीरन