बर्लच्या कवळीची जागा

ओकाटी तळं, फ्लोरिडा
जूनचा दुसरा मंगळवार

टॅलुला, तुझे ते मेले रबरी किडे माझ्या जेवणाच्या टेबलावर उन्हात टाकून गेलीस. वितळले ते. पॉलिशला असे चिकटले की उलथन्यानं खरवडले तर किड्यांबरोबर लाकडाचा रंगही आला. मधोमध जांभळा डाग पडलाय. पाद्र्याची बायको आली होती, विचारत होती काय सांडलं म्हणून. काय सांगू, माझ्या नातीला आमिषं डब्यात ठेवायला शिकवलं नाही? शिकवलं होतं. तू ऐकलं नाहीस.

आता आशीर्वाद. जॅक्सनव्हिलला तुझ्या मावसबहिणीकडे जेवणखाण नीट होत असेल. ती पोरगी मक्याच्या पावात साखर घालते, तेव्हा जपून खा. माझा गुडघा होता तसाच आहे. भेंडी मात्र दणकून लागली आहे, रोज तळते आणि रोज उरते.

तळ्यावर सरकारी होडी गवत मारायचा फवारा मारून गेली. कडेची जलपर्णी पिवळी पडली. ते नवीन बंगलेवाले खूश आहेत, त्यांना गॅलरीत बसून पाणी बघायचं असतं. आमिषाच्या दुकानात बाप्ये नुसत्या शिव्या घालतात. एकजण म्हणाला, "गवत मारलं की बास मासा राहणार कुठे, ह्यांच्या बाथटबात?" तुझी ती गळ टाकायची खोलगट जागा अजून हिरवीगार आहे. काल मी तुझ्या आजोबाची, बर्लची जुनी होडी काढून बांबूनं रेटत तिकडे गेले होते.

का गेले होते ते लिहायलाच बसले आहे, आणि मघापासून भेंडी लिहिते आहे.

फोन नाही केला. फोनवर तू म्हणशील, "जाऊ दे गं आजी," आणि मी लगेच जाऊ देईन. कागदावर लिहिलं की खोडलं तरी दिसतं. माझं शुद्धलेखन तुला माहीत आहे, हसू नकोस.

मासेमारीच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये जेवण होतं. तू आली नाहीस, गळाच्या दोऱ्याची गाठ बांधत बसली होतीस. तुझा वेंडल आला होता, टेबलाच्या पार टोकाला बसून मुकाट्यानं कॅटफिश खात होता. माझ्यासमोर अर्व्हेला. तिची टकळी चालू. "अगं ओझेला, आमच्या रॉयसनं होडीला मासे दाखवणारा यंत्राचा पडदा बसवलाय, पाण्याखालचा मासान्‌मासा दिसतो."

मी म्हटलं, "गवताखाली काय दिसतं? धुरळा! एवढ्या दाट गवतात तुझा पडदा आंधळा."

"मग तुझी नात काय डोळ्यांनी बघते?"

"कानांनी," मी म्हटलं. आणि सगळ्यांसमोर जीभ टाळूला लावून टकटक आवाज करून दाखवला. गवताच्या चटईखाली लहान मासे किडे टिपायला लागले की होतो ना, तो. मी तुला लहानपणी शिकवलेला. जिथे टकटक, तिथे खाली मोठी बास त्या लहान्यांवर टपलेली.

इथवर ठीक होतं. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण लोक हसले, मला चेव आला. मी म्हटलं, "उद्या बघच. माझी टॅलुला सकाळी जाऊन बर्लच्या कवळीवर बसणार आहे!"

टेबल खो खो हसलं. सगळ्यांत मोठ्यानं मी.

आपलं तिघांचं खुणेचं नाव ते. तू, मी, वेंडल. आपल्याला वाटायचं, कुणाला काय कळणार. अगं पण तुझा आजोबा मासा ओढताना शिंकला आणि कवळी गवतात गेली, तेव्हा होडीच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलं होतं? अर्व्हेलाचा नवरा! त्यानं ती गोष्ट न्हाव्याच्या दुकानात वर्षानुवर्षं सांगितली, जागेसकट. गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे कवळी कुठे पडली. तिथे आता मासा बसतो एवढंच ठाऊक नव्हतं. ते मी सांगितलं.

अर्व्हेलानं मला केळ्याचं पुडिंग वाढलं आणि गप्प बसली. ती बाई गप्प बसली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

अख्खा वसंत तू त्या जागेवर एकदाही गळाला लावून रबरी बेडूक टाकला नाहीस. नुसती लांब होडी लावून ऐकायचीस, मासा बिथरू नये म्हणून. आणि स्पर्धेच्या सकाळी पोचलीस तर तिथे अर्व्हेलाचा रॉयस. गवताचा भारा ओढावा तशी त्यानं ती बास ओढली. राज्याच्या स्पर्धेला आता तो जाणार.

तू घरी आलीस ती थेट स्वयंपाकघरात. मी भेंडी तळत होते. तुझ्यामागे वेंडल. तू म्हणालीस, "तिघांनाच माहीत होतं. आजी सांगणार नाही. मी सांगितलं नाही. मग उरलं कोण?"

वेंडल म्हणाला, "मी नाही, टॅली."

"मग कोण, मेलेला आजोबा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय केलं? कढईतली भेंडी उलटली आणि म्हटलं, "बाप्यांच्या पोटात काही राहत नाही, दोन बियर गेल्या की सगळं बाहेर." टॅलुला, हे मी म्हटलं. गप्प राहिले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी बोलले.

तू साखरपुड्याची अंगठी काढून ओट्यावर ठेवलीस. त्यानं ती उचलली नाही. टोपी घातली आणि गेला. भेंडी करपली होती, ती मी तुला वाढली आणि तू खाल्लीस. मला वाटलं होतं, चार दिवसांत तुमचं जुळेल आणि मला काही सांगावं लागणार नाही. हा माझा हिशेब.

काल तो आला. त्याच्या गळाच्या काठ्या आपल्या शेडमध्ये होत्या, त्या न्यायला. अलाबामात एका तळ्यावर वाटाड्याचं काम मिळालंय त्याला, होडीतला आपला वाटाही तुला सोडून चाललाय. येत्या रविवारी चर्च झालं की निघणार. मी दारात उभी. म्हटलं, "वेंडल, त्या जेवणाला तू टोकाला बसला होतास. तुला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं, आजी."

"मग तिला सांगितलं का नाहीस, मूर्खा?"

तो काठ्यांना दोरी बांधत राहिला. म्हणाला, "वाटलं, तुम्ही सांगाल."

मी त्याला चहा घे म्हटलं. नको म्हणाला. आजवर कधी नको म्हणाला नव्हता. मग मी होडी काढली आणि त्या जागेवर जाऊन बसले. घरात बसवेना. टकटक काही ऐकू आली नाही. कान गेले असतील, नाहीतर मासे.

माफी मागायला मला येत नाही. तुझ्या आजोबाची कधी मागितली नाही, देवाची मागते ती पाद्री सांगतो म्हणून. तुझी मागते आहे. त्या पोराची मी कालच मागायला हवी होती, आणि मी त्याला चहा विचारत बसले. उद्या त्याच्या घरी जाणार आहे. त्याची आई दार उघडेल, तिच्यासमोरच मागेन. रविवारी चर्चमध्ये अर्व्हेलाच्या शेजारी उभी राहून सगळ्यांना सांगेन की गुपित मी फोडलं, वेंडलनं नाही. हसू देत लोकांना.

तू मला अंगठी काढण्याआधी विचारलं असतंस, "आजी, तू तर नाहीस ना?" तर मी खरं बोलले असते का, हे मला अजून माहीत नाही. तुला तो प्रश्न सुचलाच नाही, याचीच मला जास्त लाज वाटते.

अंगठी पिठाच्या डब्यामागे आहे.

तोंड दाखवायला लाजणारी,
तुझी आजी
ओझेला

ता.क. मला उत्तर लिहायचं नाही. मला काय म्हणायचं ते सवडीनं म्हण, मी कुठे जात नाही. उत्तर वेंडलला द्यायचं, रविवारच्या आत, इथे येऊन, तोंडावर. आणि हो असो की नाही, ते तू द्यायचंस. मी मध्ये बोलणार नाही.