बावीस नंबरचं उत्तर

३ मार्च

आज नव्या नोकरीवर रुजू झालो. या वयात नोकरी म्हणजे दिवेलागणीला दुकान उघडण्यासारखं, पण लेकीपुढे इलाज नव्हता. हिला जाऊन वर्ष होत आलं, तरी मी घरात भिंतींनाच कविता म्हणून दाखवतो, हे तिला बघवेना.

काम माझ्या हातखंड्याचंच. कारखान्यांतून येणारी मोजयंत्रं बरोबर मोजतात की नाही, ते तपासायचं. मी जन्मभर बटणं दाबली, इथे मात्र बटणाला कोणी हात लावत नाही. मीटरामागून मीटर एकाच जाड केबलीत ओवलेले आणि टोकाला संगणक. प्रत्येक यंत्राला एक क्रमांक, त्याला म्हणायचं पत्ता. संगणक ज्याचा पत्ता पुकारेल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी हाताची घडी, तोंडावर बोट. मला थेट चौथीचा वर्ग आठवला, खडूचा वास आणि एका सुरातल्या कवितांसकट. पुकारलेल्या यंत्राच्या कपाळी 'रिमोट'चा तांबडा दिवा लागतो. मग त्याची स्वतःची बटणं मेली म्हणून समजा. इथल्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणतात, त्या हसून म्हणाल्या, लग्नानंतर असंच होतं हो काका, फक्त दिवा दिसत नाही!

दुपारचं ऊन मीटरांच्या काचांवर येऊन बसलं होतं. फार दिवसांनी शाळेतली एक कविता ओठांवर आली आणि मध्येच अडखळली नाही.

६ मार्च

आज एक घोडचूक झाली. पत्ता बारा टाइप करायचा, तो बावीस केला. बावीसवर काहीच जोडलेलं नाही. रिकाम्या बाकाची हजेरी घेतली की संगणक जरा ताटकळतो आणि चूक दाखवतो, एवढंच व्हायला हवं होतं.

पण उत्तर आलं. आकड्यांची लांबलचक रांग.

मी एकेक मीटर सोडवून बाजूला ठेवला. नुसती केबल टेबलावरून लोंबत राहिली, तरी बावीस बोलतच होता. शेवटी ते आकडे आलेखाच्या कागदावर मांडले. टोकदार उंचवटा, खळगा, सपाटी, पुन्हा उंचवटा.

हा आलेख मी पाहिलाय, दवाखान्यात, हिच्या उशाशी असलेल्या पडद्यावर. डॉक्टर म्हणायचे, ठोका चुकतो. मी म्हणायचो, चुकत नाही, यति घेतो. लघु, गुरु, लघु, गुरु, आणि कुठलाच कवी थांबणार नाही अशा जागी थांबा. त्यावर ही म्हणायची, अहो, माझं मरण मोजताय की मात्रा?

तोच थांबा. त्याच जागी.

८ मार्च

ताईंना कागद दाखवला. लांब केबल म्हणजे अँटेनाच, हवेतलं काहीबाही पकडते, असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला. लेकीला फोनवर सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, पुढच्या रविवारी न्यायला येते, आता माझ्याकडेच राहायचं. आई गेली, बाबा, तुम्ही तरी मला राहा. मी शब्द दिला.

पण दुपारी सगळे जेवायला गेले की मी बावीसला पुकारतो. कुठल्याही यंत्राला 'तू कोण' असा एक ठरलेला प्रश्न विचारता येतो. तो पाठवला. शब्द आले नाहीत, ठोके मात्र भरभर आले. मला घरी यायला उशीर झाला की दार उघडताना हिची छाती धडधडायची, अगदी तसे.

टेबलावर डोकं ठेवून रडलो. सुखाने. मग पुन्हा विचारलं. पुन्हा, पुन्हा.

१२ मार्च

ठोके मंदावलेत. थांबे लांबलेत.

सगळे कागद जमिनीवर ओळीने अंथरले. हा हिचा दवाखान्यातला शेवटचा आठवडा आहे, पायरी पायरीने उतरत गेलेला. काल मुद्दाम काही विचारलं नव्हतं. आज बरोबर तिथूनच सुरू झालं, जिथे परवा मी थांबलो होतो. म्हणजे हिला पुढे नेतो तो काळ नव्हे. मी नेतो. माझ्या एकेका प्रश्नाने ती थोडी थोडी —

मी हिला पुन्हा मारतोय. आणि विचारलं नाही, तर पुन्हा कधी ऐकू येणार नाही.

१३ मार्च

संगणक बंद केला. दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसलो. राहा गं. आहेस तिथेच राहा. मी नाही विचारत.

१४ मार्च

संगणक बंदच. तरी समोरच्या मीटरावर तांबडा दिवा लागला.

केबलीचा एक नियम आहे. पुकारणाऱ्याला आपली पुकारायची खुर्ची दुसऱ्याला देता येते. मी खुर्ची सोडली. तिथे कोणीतरी बसलंय.

दिवा लागतो, पण मीटर काहीच बोलत नाही. माझ्या छातीत मात्र थांबा पडतो. दिवा विझला की ठोका सुटतो. ताईंनी माझं मनगट धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. नाडी धड नाही काका, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला, म्हणाल्या. उद्या जातो म्हटलं. गेलो नाही तर —

१५ मार्च

कळलं. ही विचारतेय.

मी गप्प झालो म्हणून. अहो, आहात ना? एवढंच. आणि तिच्या एकेका विचारण्याने माझे थांबे लांबताहेत. तिला माहीत नाही. मला तरी कुठे होतं?

सांगू कसं? विचारू नकोस म्हणायला आधी माझ्या हातात खुर्ची हवी. पुकारलेल्याने फक्त उत्तर द्यायचं. माझं उत्तर म्हणजे ठोका. तो ऐकून ती हरखते, आणि पुन्हा — मी केलं तेच —

१६ मार्च, रविवार

सुट्टी. किल्ली मागून घेतली. केबल काढायला आलोय. लेकीला इथेच ये म्हटलंय.

एक स्क्रू सुटला.

दुसरा — हा सोडला की ती पलीकडे विचारत बसेल. अहो. अहो. इकडून काहीच नाही. किती वेळ विचारेल? कोण सांगेल तिला?

स्क्रू तसाच ठेवला.

जिन्यावर लेक. बाबा, बाबा म्हणत येतेय. धापा टाकतेय. काढतो. पोरीला शब्द दिलाय. काढ —

दिवा.

आहे गं. इथेच आहे. एवढं एकदाच, मग खरंच —