श्री. बीटिस यांची भेट मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
नीलपर्ण टेक पार्क, हडपसर, पुणे.

विषय : आज सायंकाळची धूरफवारणी थांबवून अर्जदारास जाळीसह आवारात प्रवेश मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्याकडे "डास", मग "वाळवी", मग "इतर" या सदरांत नोंदलेली माझी एकच विनंती.

महोदय,

सविनय सादर करते की, मी शालन सुखदेव गजभिये, राहणार बिबवेवाडी, निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापिका. माझा मुलगा आयुष आपल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर काम करतो. सोमवारी त्याने खिडकीच्या काचेवर मेलेले किडे जेवणाच्या डब्यातून घरी आणले. ते पाहून माझी भाजी करपली, आणि मला त्याचे जराही वाईट वाटले नाही.

हे किडे म्हणजे मेफ्लाय. बालपण मागच्या कालव्यात, मोठेपण एखाददुसऱ्या दिवसाचे. मोठेपणी त्यांना कामाचे तोंडच नसते, तरी आपण त्यांना डास ठरवलेत. आपली चकचकीत काच त्यांना पाणी वाटते, म्हणून माद्या तिच्यावर अंडी घालतात. फसवणूक कोणाकडून होते आहे, हे आपणच ठरवावे.

जात विचारणे मला एरवी मान्य नाही. परंतु हे मेफ्लाय ज्या बीटिस प्रजातीतले, तिच्यात जाती अनेक, आणि नक्की कोणती हे नर पाहिल्याखेरीज सांगता येत नाही. नराच्या डोळ्यांवर आणखी मोठे डोळे असतात, फेटा बांधल्यासारखे. पंख आले तरी तो आणखी एकदा कात टाकतो, मगच पंख काचेसारखे स्वच्छ होतात. असा नर मला हवा आहे. ही जाती नवी निघाली, तर तिला माझ्या यजमानांचे नाव द्यायचे आहे. कालव्याकाठी माझ्यासाठी टॉर्च धरून त्यांनी निम्मा संसार केला. आज ते नाहीत, आणि मला त्यांची फार आठवण येते.

मी फवारणी थांबवण्याची विनंती केली. आपल्या नोंदवहीत "फवारणी" शब्दापुढे "हवी" एवढीच सोय असल्याने यंत्र दोनदा आले. काल फाटकावर पाससाठी "कोणास भेटायचे" या रकान्यात मी खरे तेच लिहिले : बीटिस (नर). त्यावर रखवालदार दत्तोबांनी चारही मजल्यांवर श्री. बीटिस यांचा शोध घेतला. दुसऱ्या मजल्यावरून "ते मीटिंगमध्ये आहेत" असा निरोपही आला.

आपण सात कामकाजी दिवसांत उत्तर देता असे समजते. नर तोवर थांबणार नाही. लेखी उत्तर नकोच. संध्याकाळी यंत्राचा आवाज आला नाही, की परवानगी मिळाली असे समजेन.

संध्याकाळी कालव्याच्या बाजूला जाळी घेऊन उभी राहणारी,
आपली नम्र,
शालन सुखदेव गजभिये
पुणे, ७ ऑक्टोबर २००९

सोबत : मृत माद्या, कापसात. (झुरळ नव्हेत.)

ता. क. : हा अर्ज फाटकाजवळच्या आवक खिडकीवर देत असतानाच त्यावर, बरोबर शिक्क्याच्या जागी, एक किडा येऊन बसला आहे. पंख स्वच्छ आहेत. डोळ्यांवर फेटा आहे. खिडकीवरच्या हेमाताईंचा शिक्क्याचा हात मी डाव्या हाताने धरून ठेवला आहे, म्हणून अक्षर असे आले. अर्ज बिनशिक्क्याचाच दाखल करून घ्यावा. दत्तोबांनाही कृपया कळवावे, की ज्यांना भेटायचे होते ते स्वतः खाली आले आहेत.