तांबडी गाडी तुम्ही मुद्दाम ठोकत होता!

अहो,

तुम्ही होता तेव्हा तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. लिहिणार तरी कुठल्या पत्त्यावर? आज तंबाखूची बोदं भरून लॉरी पुण्याला, दोन दिवसांनी परत निपाणीत, की लगेच हुबळी! आता वर्ष झालं, तुम्ही एका जागी आहात. आणि आजची गोष्ट तुम्हाला सांगितली नाही तर मला जेवण जाणार नाही. हसू नका.

माझ्या भावानं, बाळूनं आज स्टँडमागचं व्हिडिओ गेमचं दुकान आवरलं. स्टिअरिंगचं ते मशीन चिकोडीच्या एका माणसानं घेतलं. तेच हो, तुमचं! सरळ रस्ता, शेजारीशेजारी दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि आधी पोचेल तो जिंकला. आपली गाडी आपण निवडायची: निळी, पिवळी नाहीतर तांबडी. तांबडी सगळ्यांत वेगवान. तिच्यासाठी कॉलेजची पोरं नंबर लावून उभी असायची.

आणि तुम्ही काय करायचा? अर्धं आयुष्य लॉरीवर काढलेला माणूस तांबडीच मागायचा आणि सुटल्यासुटल्या कडेच्या भिंतीवर घालायचा! खेळ खलास. मग पटका झटकून निघालात लॉरीकडं.

मला किती लाज वाटायची, माहीत आहे? बिड्या वळायला बसलं की शेजारची शेवंता हटकून म्हणायची, "सुमन, तुज्या मालकांनी आज परत ठोकली म्हणं की गं!" सगळ्या जणी खो खो हसायच्या. मीही हसायची. पण हातातली बिडी उकलून परत वळावी लागायची.

तवंदीच्या घाटात ब्रेक गेले होते ना तुमचे? लॉरी डोंगराला घासत घासत थांबवलीत. घरी आलात, हातपाय धुतलेत, भाकरी खाल्लीत. खांद्याची जखम भरली तसे परत गाडीवर. त्यानंतरच हे बाळूच्या दुकानातलं ठोकणं सुरू झालं. मला वाटलं, यांची नजर गेली. नाहीतर हाताला कंप सुटलाय. खेळातल्या सरळ रस्त्यावर ज्याला गाडी धरता येत नाही, तो माणूस आमच्या पोटासाठी घाटातून लॉरी नेतोय! एकदा धीर करून विचारलं, तर म्हणालात, "तुला काय कळतंय गं गाडीतलं?" हे काय उत्तर झालं?

म्हणून तर तुम्ही निघालात की मी घराला झाडू लावत नव्हते. माणूस उंबऱ्याबाहेर पडल्यावर लगेच केर काढू नये म्हणतात. मी तर घाट पार झाला असेल असा अंदाज बांधेपर्यंत काढायची नाही. आणि तुम्ही कधी मधेच परत आलात तर? "अजून केर तसाच? लई आळशी हाईस बघ." ऐकून घेतलं हो मी. सांगितलं असतं तर तुम्ही थट्टाच केली असती!

तुम्ही गेलात ते घरी, अंथरुणात, सकाळचा चहा पिऊन. लोक हळहळले. मी रडले, खूप रडले, पण घाटात नाही गेलात म्हणून देवाला हातही जोडले. तरी एक सल राहिलाच. इतकी वर्षं तुम्ही भीत भीत गाडी चालवत होता का? दिसत नसताना? आमच्यापायी?

आज मशीन बाहेर काढताना मी बाळूला म्हटलं, "एवढं काय अवघड हाय रं ह्यात? ह्यास्नी कसं जमत न्हवतं?"

त्यानं मशीन खाली टेकवलं. "आक्का, तुला ठावं न्हाई? दाजी मुद्दाम ठोकायचे की!"

"मुद्दाम?"

"लॉरी काढताना चाकाखाली लिंबू ठेवत्यात न्हवं? तसंच. म्हणायचे, बाळू, आजची ठोकर हितंच होऊ दे, म्हंजे घाटात काय ऱ्हायला नको."

"मग तांबडीच कशाला रं?"

"मी बी इचारलं. म्हणले, जेवढी जोरात पळणारी गाडी, तेवढं मोठं इघ्न घिऊन जातीया. पिवळी ठोकून काय, नुस्तं खरचटायचं टळंल!"

अहो, मी तिथंच फळकुटावर बसले. बाळूचं चालूच होतं. एकदा पोरांनी तुम्हाला फार डिवचलं. त्या दिवशी लॉरीला सुट्टी होती. तुम्ही बसलात, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केलात, आणि तांबडी अशी नेलीत की दुसरी गाडी पडद्यावर दिसलीच नाही म्हणे!

म्हणजे नजर शाबूत होती. हात शाबूत होते. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! पण मला का सांगितलं नाहीत? बोललं की गुण जातो म्हणून? अहो, मग आपण दोघं एकाच घाटासाठी, एकमेकांना चोरून, हेच करत होतो की!

आपली लेक विजू उद्या सकाळच्या गाडीनं बेळगावला निघालीय, नर्सिंगला. घरापासून पहिल्यांदाच लांब. म्हणून मशीन टेम्पोत चढवायच्या आधी मी बाळूला ते एकदा चालू करायला लावलं. "कंची गाडी, आक्का?" मी म्हटलं, तांबडी. हिरवा लागला, मी पाय दाबून धरला. काय पळते हो ती! बाळू ओरडतोय, "आक्का, सरळ धर, सरळ धर!" मी वळवली. भिंतीकडं.

आता विजूचा रस्ता मोकळा आहे. तिच्या काळजीनं रडत बसणार नाही, हे तुम्हाला वचन. फक्त उद्या ती पोचेपर्यंत घरात केर तसाच राहील. तेवढं चालवून घ्या.

तुमचीच आळशी,
सुमन