पाठ झालेला तक्ता

प्रिय भिंगरी,

अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलंय, त्यावरून लगेच अंदाज बांधत बसू नकोस. कागद मोठा होता, म्हणून मोठं लिहिलं. आणि चार वर्षांनी बापाचं पत्र आलं म्हणून हुरळूनही जाऊ नकोस. आधी माझी तक्रार ऐक.

तक्रार तुझ्या आईविरुद्ध आहे. आपल्या चष्म्याच्या दुकानातला डोळे तपासायचा तक्ता, तुझ्या जन्माआधीपासूनचा, तिनं मला न विचारता उतरवला आणि तिथं नवा टांगला. कारण काय, तर शेजारच्या शिंप्याच्या दारातल्या पुतळ्याला मी दोनदा 'या, बसा' म्हणालो. वर गिऱ्हाइकांनी भरलेल्या बाकासमोर मला सांगते, वाचून दाखवा बघू. तीस वर्षं लोकांना वाचायला लावणारा मी! ऐटीत खुर्चीत बसलो, एक डोळा झाकला आणि पहिल्या ओळीपासून तळातल्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. बाक हसून हसून लोटपोट. नव्या तक्त्यावर अक्षरं नव्हतीच गं, नुसते आकडे होते. दर सहा महिन्यांनी मी स्वतःचे डोळे तपासून स्वतःला शाबासकी देत होतो, ती सगळी पाठांतराची.

त्याच आठवड्यात तुझ्या शाळेतल्या निवृत्त बाई आल्या. त्यांच्या चष्म्याचा स्क्रू दर शनिवारी ढिला होतो, किंवा त्या करतात. त्यांनी मोबाइलवर तुझं भाषण लावलं. मला काही देणंघेणं नाही असं दाखवत मी स्क्रू पिळत राहिलो, इतका की काच तडकली. तू सांगत होतीस, एक दीर्घिका इतकी लांब आहे की तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साडेसहा कोटी वर्षं लागली. म्हणजे दिसते ती तेव्हाची. आज ती कशी आहे ते इथून कुणालाच दिसणार नाही. बाईंनी मग हिशेब करून सांगितलं की माझ्या तक्त्यापासून खुर्चीपर्यंत यायलासुद्धा प्रकाशाला वेळ लागतो, सेकंदाचे पाच कोटी तुकडे केले तर त्यातला एक. मी म्हटलं, माझ्या दुकानात तीस वर्षं लागली.

हसू नकोस. गेल्या वर्षी मी तुला चष्मा करून पाठवला होता, आठवतंय? तो तू परत पाठवलास, नंबर बदललाय अशी चिठ्ठी लावून. मी महिनाभर फुरंगटून बसलो. माझा नंबर चुकतो? पण तो तुझ्या कॉलेजातला नंबर होता, मला तोंडपाठ. गिऱ्हाइकांनाही मी अजून सांगतो की मुलगी जरा हट्टी आहे, फिरत्या स्टुलावर गरगरत बसते. आणि बाई म्हणाल्या, भाषण देताना तुझे केस पुढून पांढरे दिसत होते. मला ते दिसले नाहीत. याचं मला फार वाईट वाटलं.

पण तूही तुझ्या जागेवरून जुनंच बघते आहेस. माणसांना जवळचं दिसेना आणि ही चालली तारे बघायला, पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस, असं ओरडणारा जो बाबा तुला दिसतो, तो केव्हाच मावळला. त्याचा उजेड तेवढा तुझ्याकडे अजून पोचतोय. मी चुकलो होतो. हे मोठ्या अक्षरात मुद्दाम लिहिलंय.

तर पत्राचं कारण. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. येत्या गुरुवारी डाव्याचं ऑपरेशन, शुक्रवारी सकाळी पट्टी काढतील. पट्टी निघाली की डॉक्टर समोरचा तक्ता वाचायला सांगणार, आणि तसलेही तक्ते मला पाठ असतात, मी त्यांनाही फसवीन. म्हणून आईला सांगून ठेवलंय की तक्त्याच्या जागी तुला उभी करायची. तू आता मला पाठ नाहीस.

तुझाच, पायरीवर वाट बघणारा,
बाबा