सोलरच्या जमिनीचे कागद

३ नोव्हेंबर
बाळकुमला माहेरी जाऊन मयूरदादाशी भांडून आले. तिथली शेती गेल्यावर आमच्या वडिलांनी, आबांनी मुरबाडच्या पुढे शंभर एकर घेतलेली. आता आबा नाहीत, आणि दादा ती सगळी सोलर कंपनीला तीस वर्षांच्या भाड्यानं देतोय. पंचवीस मेगावॅट! करारही कंपनीनंच लिहिलेला. म्हटलं, सहीआधी आपला एक जाणकार नेमू. तर म्हणे, उन्हाला काय तपासायचं? म्हटलं, जमीन माझीपण आहे, मी नेमते.
घरी नवऱ्याला सांगितलं. प्रीतम म्हणाला, कशाला भावाशी वाकडं घेतेस?

९ नोव्हेंबर
उत्तरा फडके. इथेच डोंबिवलीत राहतात, वीज खात्यातून रिटायर, आता सोलरच्या जागा तपासून देतात. बसल्या बसल्या प्रश्न — सबस्टेशन किती लांब, पावसाळ्यात पाणी कुठे साचतं, वरून हायटेन्शन लाइन जाते का. मला एकाचंही उत्तर येईना. नेमलं त्यांना. म्हणाल्या, माती नंतर बघू, आधी तीस वर्षांचे कागद काढते.

१२ नोव्हेंबर
दादाला फोनवर कळवलं. कागद बघायची गरज नाही म्हणाला, सगळे क्लिअर आहेत. दोनदा म्हणाला.

२० नोव्हेंबर

उत्तराबाईंनी घरी बोलावलं, दार लावून घेतलं. सातबाऱ्यावर माझं नावच नाही. सात वर्षांपूर्वी मी माझा वाटा भावाला सोडला म्हणे — रजिस्टर केलेलं हक्कसोड पत्र. मी? त्यांनी मोबाइलवर एक पान दाखवलं. नाव माझं, करिश्मा प्रीतम म्हात्रे. शेजारी अंगठा, आणि फोटो —
अक्षदावहिनीचा. दादाची बायको. डोक्यावर पदर, पण तीच.
तारीख बघितली. त्या दिवशी मी दवाखान्यात होते. माझा सम्यक दोन दिवसांचा होता!
उत्तराबाई म्हणाल्या, "तुम्ही मला जागा तपासायला नेमलंत. कागद खोटे असताना इथे प्रकल्प होऊ शकत नाही, एवढं मी लिहून देणार. पुढचं तुम्ही ठरवा."

२१ नोव्हेंबर
बाळकुम. वहिनीसमोर मोबाइल धरला. ती रडायलाच लागली. हे म्हणाले फक्त फोटो काढायचाय, मला कागदातलं काय कळतंय, असं काहीबाही. दादा मान खाली घालून बसलेला.
"मागितलं असतंस तर दिलं नसतं का रे?"
"नसतं दिलंस."
खरंय. नसतं दिलं.
परत आले तर प्रीतमनं जेवण वाढून ठेवलेलं. म्हणाला, कोर्टात नको जाऊस, घरातच मिटवू. पाठीवरून हात फिरवत राहिला. तेवढाच आधार वाटला.

२५ नोव्हेंबर
उत्तराबाईंनी अख्ख्या दस्ताची नक्कल आणून दिली. शेवटच्या पानावर साक्षीदार — हीच करिश्मा, मी हिला ओळखतो, असं सांगणारा माणूस. सही कुणाची हे वाचत बसायची गरजच पडली नाही. त्याचाही फोटो आहे.
प्रीतम.