मर्लची डावखुरी बंदूक

१९ जानेवारी

चकमकीच्या जुन्या बंदुकीने शिकार करायचा हंगाम संपला. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, मर्ल हरणामागे गेला नाही असा हा पहिलाच. खुर्ची खिडकीकडे वळवून दिली, तर म्हणाला – "नको." पक्षाघातानंतर एवढा एकच शब्द उरलाय त्याच्याजवळ. सूप नको, दाढी नको, व्यायाम नको. मी चिडत नाही. आवाज तोच आहे, हे काय कमी!

मर्लचा शिकारीतला जोडीदार हार्लन येऊन हरणाच्या मांसाचं पुडकं देऊन गेला – मर्लचा वाटा. "अरे, तो आलाच नव्हता," म्हटलं. "न आलेल्याचाही वाटा असतो, आर्डिथ. तुला कोणी विचारलंय?" देव त्याचं भलं करो.

२३ जानेवारी

उजवा हात परत येणार नाही. व्यायाम करून घेणारी मुलगी स्पष्ट बोलली, बरं वाटलं. "डाव्या हाताला काम द्या. पण त्यांच्या आवडीचं. प्लास्टिकचे ठोकळे कोण उचलेल?" मग मला दाराबाहेर नेऊन – "जेवण असंच राहिलं तर... औषधाने सगळं होत नाही, बाई. माणसाला इच्छा लागते."

इच्छा कुठल्या दुकानात मिळते?

२७ जानेवारी

हार्लनच्या कारखान्यात गेले. चाळीस वर्षं लांब नळीच्या बंदुका घडवतोय. म्हटलं, सुट्या भागांचा संच हवाय – घरी घासून, जोडून बंदूक करायची. डाव्या हाताच्या, नवशिक्या माणसासाठी.

"मर्लसाठी? त्याला दोन हातांनीही खिळा ठोकता येत नव्हता!" खो खो हसला. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला. "शिकंज्यात धरून देऊ. घासायला एक हात पुरतो."

फळीवर एक संच तयार होता, उजव्या हाताचा. हाच नेते म्हटलं, तर खेकसला – "मुळीच नाही! ठिणगी पाडणारी चकमक उजव्या अंगाला. डाव्या खांद्याला लावून उडवली की दारूचा भडका थेट गालासमोर. ही भुवई बघ. एकोणिसाव्या वर्षी हाच शहाणपणा केला होता." खरंच, अर्धीच आहे! इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

डावखुरीत सगळंच उलट लागतं. चकमक डावीकडे, गाल टेकायचा उंचवटा उजवीकडे. काय काय निवडायचं त्याची यादी दिली.

३० जानेवारी

यादी मर्लसमोर ठेवली.

मध्ये बारीक होत जाणारी नळी? "नको." दस्त्यात पितळी झाकणाची डबी? "नको." लाटालाटांचं मेपलचं लाकूड? "नको!" चांदीची नक्षी? नुसतं बघितलं माझ्याकडे, मग – "नको." अकरा वेळा. पण प्रत्येक नकोची चाल वेगळी! एक तर चक्क चेष्टेतला होता. सरळ नळी, साधं मेपल, चकमकीची खाच आधीच कोरलेली – इथे मात्र गप्प. आणि वाद घालता घालता अर्धी वाटी पॉटपायचा घट्ट रस्सा खाल्ला. मी बघितलंच नाही असं दाखवलं. नजर लागायची.

हार्लनला फोन केला. "बरोबर आहे त्याचं. नवशिक्याने साधंच घ्यावं. फक्त चकमक उत्तम हवी, तिथे कंजुषी नाही. मीही हेच सांगणार होतो."

"मग आधीच का नाही सांगितलंस?"

"मग तो नको कोणाला म्हणाला असता?"

३ फेब्रुवारी

बर्फ. नदी काठापर्यंत गोठली. मर्लने यादी स्वतः ओढून घेतली. डाव्या हाताने.

६ फेब्रुवारी

हार्लनचा फोन. चकमकी घडवणारा कारागीर डाव्या बाजूच्या वर्षातून एकदाच करतो, त्याही मोजक्या. यंदाच्या ऑक्टोबरात होतील. आठ महिने!

उद्याचा नाश्ता नको असलेल्या माणसाला ऑक्टोबर कसा सांगू? उजव्या हाताचाच संच आणावा का? निदान लाकूड तरी घासत बसेल. उडवायची वेळ कुठे येणार आहे – असं मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली.

"तू ठरवू नकोस," हार्लन म्हणाला. "बंदूक त्याची आहे. त्याला विचार."

७ फेब्रुवारी

विचारलं. काहीच लपवलं नाही. उजवा संच आज मिळेल म्हटलं.

"नको."

मग त्याच्या तोंडाकडे न बघता म्हटलं – डाव्याला आठ महिने लागतील, मर्ल.

"थांबू," म्हणाला.